अण्णा लेहला निघालेत

भोरच्या कुठल्याही आळीत एक तरी जुनी जीप अशी सापडते, जिला लेहला जायचंय. मालकाला विचारावंही लागत नाही. तुम्ही चहा सांगता, आणि चहा येईपर्यंत तो मनालीच्या पुढे गेलेला असतो. भोरमध्ये त्याला अण्णा म्हणतात, वेल्ह्यात बापू, नसरापुरात भाऊ. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, तरी बापू होते तिथंच आहेत. आपण अण्णाच म्हणू.

वय साठीच्या अल्याड-पल्याड. नोकरी पाटबंधारे खात्यात, एसटीत नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेली. दीड एकर भातखाचर, त्यात इंद्रायणी. मुलगा पुण्यात, कंपनीत. सून गुणाची आहे, पण एकदा म्हणून गेली, "बाबा, विमानानं जा ना. दिल्लीहून दीड तासात लेह येतं." तेव्हापासून अण्णा तिच्यासमोर हा विषय काढत नाहीत. विमानानं लेहला जाणाऱ्यांबद्दल त्यांचं जे मत आहे ते सुनेसमोर बोलण्यासारखं नाही.

जीप म्हणजे महिंद्राची, एम. एम. ५४०. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन, फोर बाय फोर. अण्णांकडे येण्याआधी ती वडाप होती. कागदावर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढीच माणसं तिनं फक्त आरटीओत पासिंगला जाताना वाहिली. एरवी आत, वर, मागं लोंबकळत आणि ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही. मागचं सीट उचललं की अजून कोंबडीची पिसं निघतात. अण्णांनी ती घेतली, मिलिटरी हिरवा रंग दिला, आणि त्याच दिवशी मिस्त्रीच्या शेडमध्ये उभं राहून जाहीर केलं, की यंदा हिला लेहला न्यायची. तो 'यंदा' अजून चालू आहे.

वास्तविक सुरुवात नुसत्या ऑइलपासून झाली होती. मिस्त्रीनं डिपस्टिक बाहेर काढली, बोटावर पुसली, बोटं हुंगली आणि गप्प बसला. मिस्त्री बोलतो तेव्हा हजारात भागतं. गप्प बसला की मुलाला फोन करावा लागतो.

"अण्णा, जायाचंय कुठं?"

"लेह."

"मग खोलावं लागंल."

"आणि महाडला जायचं असतं तर?"

"मग चाललं असतं की."

इंजिन खोललं. रिंग-पिस्टन निघाले, बोअर झालं, हेड प्लेन करून आलं. इंजिन खाली आहेच तर क्लचप्लेट बघू, क्लच काढलाच आहे तर गिअरबॉक्सचं ऑइल सील बघू, गिअरबॉक्स उतरलाय तर खालचा पत्रा दिसतोय, आणि पत्रा दिसला म्हणजे तो कुजलेला असणारच. ज्या गाडीला काही होत नाही ती झाकलेली असते म्हणूनच होत नाही, हे मिस्त्रीचं तत्त्वज्ञान आणि अण्णांना ते पूर्ण पटलेलं. बुधवार-रविवारी पुण्याचा जुना बाजार, मधल्या वारी नाना पेठ. एसटीनं कात्रज ओलांडताना अण्णांच्या मांडीवर पिशवीत कधी किंगपिन असे, कधी कमानपाट्याचं मेन पान. शेजारी बसलेल्यानं विचारलं, "काय हो, शेतीचं सामान का?" तर नसरापूर फाटा येईपर्यंत त्याला लेहचा अख्खा नकाशा पाठ होई.

अण्णांचा अभ्यास दांडगा आहे, हे मान्य करावं लागेल. मनालीहून निघालं की तांडीला शेवटचा पेट्रोल पंप, आणि तिथं पाटी आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ही पाटी अण्णांनी पाहिलेली नाही, पण तिच्यावर त्यांचा तुकारामाच्या गाथेइतका विश्वास आहे. घाटात लिटरला आठचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ३६५ भागिले ८, म्हणजे साडेपंचेचाळीसच्या वर. चुकून रस्ता बंद झाला, मागं फिरावं लागलं, वाटेत कोणी डिझेल मागितलं, असं सगळं धरून अण्णांनी वीस-वीस लिटरचे तीन कॅन आणले. ते ठेवायला टपावर कॅरियर केलं. कॅरियरच्या वजनानं पाटे बसले, म्हणून पाट्यांत एकेक पान वाढवलं. पानं वाढल्यावर जीप इतकी कडक झाली की एसटी स्टँडपासून राजवाड्यापर्यंत गेलं तरी दात वाजतात. वहिनींनी तीत बसणं सोडलं.

उंचीचं गणित ते तोरण्यात मांडतात. तोरणा १,४०३ मीटर. वाटेतला टांगलांग ला सुमारे ५,३२८. "म्हणजे पावणेचार तोरणे एकावर एक रचा, आणि वर हा गाडीरस्ता." हे ऐकून तोरण्याला वर्षातून दोनदा जाणारी वेल्ह्याची पोरंही गप्प होतात. तिथं हवेचा दाब इथल्या जवळजवळ निम्मा. पाणी त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून रेडिएटरचं झाकण प्रेशर धरणारंच हवं, आणि अण्णांच्या झाकणाचं रबर गेलेलं. एका झाकणापायी त्यांनी तीन वेळा पुणं गाठलं. रात्री ब्लॉकमधलं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटतो, म्हणून साध्या पाण्याऐवजी न गोठणारं कूलंट. हे सगळं बरोबर आहे. अण्णांच्या ज्ञानात खोट काढायला जाल तर फसाल; खोट ज्ञानात नाहीच.

डिझेल थंडीत आळतं, हे त्यांनी वाचलं होतं. इंडियन ऑइलनं लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न आळणारं खास हिवाळी डिझेल आणलं, तेही ठाऊक होतं. उन्हाळ्यात जाणाऱ्याला त्याची गरज नसते, हे मिस्त्रीनं सांगून पाहिलं. पण अण्णांनी प्रयोग करायचं ठरवलं, आणि आपल्या पंपावरचं डिझेल कोकमच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. दोन दिवसांनी बाटलीत तुपासारखा थर दिसला. अण्णांना आनंद झाला. आनंदाच्या भरात बाटली बाहेर काढायची राहिली आणि सत्यनारायणाच्या दिवशी कोणीतरी पाहुण्यांना सरबत करायला घेतलं. वास आला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या बाटल्यांवर वहिनींच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत.

इंजिनातल्या डिझेल पंपाची गोष्ट याहून भारी. जुन्या यांत्रिक पंपाला उंची कळत नाही. हवा निम्मी झाली तरी तो डिझेल तेवढंच फेकतो, मग काळा धूर आणि ताकद गायब. यावर उपाय म्हणजे पंप कमी करून घेणं. अण्णांनी पुण्यात कॅलिब्रेशनवाल्याकडे जाऊन तो पार टांगलांग लाच्या हिशेबानं कमी करून आणला. परिणाम असा की लेहसाठी तयार झालेली जीप मांढरदेवीचा घाट चढेना. शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास जत्रेला घरची मंडळी घेऊन निघाले होते. शेवटच्या चढाला सगळी उतरली, दोन मेहुण्यांनी मागून हात लावला, सासूबाई पायी पुढे गेल्या आणि देवीला आधी पोचल्या. मिस्त्रीनं पंप पुन्हा वाढवून दिला. दोन्ही वेळचे पैसे अण्णांनी 'लेह' याच खात्यावर मांडले.

आता कोणी विचारेल, इतकं झालं तर मग गेले का नाहीत? याला अण्णांचा आळस कारणीभूत नाही. पंचांग आहे. मनाली-लेह रस्ता बर्फ काढून खुला होतो मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला; ऑक्टोबर संपता संपता बारालाचा ला पुन्हा बर्फात जायला लागतो. आणि भोर-वेल्ह्याचं भात? जूनमध्ये तरवा, जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणी. म्हणजे तिकडचा रस्ता उघडला की इकडचं खाचर उघडतं आणि इकडचं भात घरात आलं की तिकडं फाटक लागतं. देवानं दोन्ही वेळापत्रकं एकाच टेबलावर बसून केल्यासारखी जुळतात. "लावणी झाली की निघतो," असं अण्णा आषाढात म्हणतात. लावणी होते, मग गणपती असतात. गणपती झाले की पितृपक्षात नवं काही करू नये. नवरात्रात घट बसलेले. दसऱ्याला जीपची पूजा होते, झेंडूचा हार घातलेली ती मनालीकडे तोंड करून उभी असते, आणि खाचरात भात पिवळं झालेलं असतं.

दरम्यान सरकार थांबलेलं नाही, हे अण्णांचं खरं दुःख. रोहतांगच्या चिखलासाठी त्यांनी चेन घेतल्या, खास टायर घेतले. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटर, रोहतांगच्या खालून थेट लाहौलमध्ये. बातमी बघून अण्णा दोन दिवस जेवले नाहीत असं वहिनी सांगतात, ते थोडं वाढवून असेल. मग २०२४ च्या जुलैत शिंकू लाच्या बोगद्यालाही पहिला सुरुंग लागला. "हे असंच चालू राहिलं," अण्णा म्हणतात, "तर आपण जाईपर्यंत सगळं सपाट करून ठेवतील."

पावसाळ्यात मात्र या तयारीला बरकत येते. शनिवार-रविवारी पुणं मढे घाटात उतरतं. केळदच्या पुढं धबधबे, धुकं, आणि रस्ता सोडून गाडी गवतात लावायची हौस. ते गवत दिसतं, पण त्याच्याखाली वीतभर चिखल असतो. नवीकोरी, चकचकीत, वीस-पंचवीस लाखांची गाडी तिथं पोटावर बसते, आणि संध्याकाळी केळदहून कोणाचा तरी फोन येतो, "अण्णा, दोर घेऊन या." अण्णा येतात. लो गिअर टाकतात, टांगलांग लासाठी आणलेला दोर लावतात आणि गाडी अलगद वर काढतात. पैसे घेत नाहीत. बदल्यात गाडीतल्या कुटुंबाला, मुलं पेंगुळलेली, बाई थंडीनं कुडकुडतेय, अशा अवस्थेत तांडीच्या पाटीबद्दल ऐकावं लागतं. काहींनी पैसे घेण्याचा फार आग्रह केला म्हणतात.

दोरासारखंच बाकीचं सामान. तालुक्याला ठाऊक आहे की अण्णांच्या जीपमध्ये सगळं आहे. डिझेलचे कॅन गणपती मंडळाच्या जनरेटरला जातात. फावडं गटार तुंबलं की जातं. मोठा जॅक एकदा भाताच्या गिरणीचा रोलर उचलायला गेला आणि गिरणीतच नोकरीला राहिला. हवेचं मशीन मुलांच्या सायकलींना. जादाचा फॅनबेल्ट कोणाच्या तरी पॉवर टिलरवर बसलाय, आणि तो नीट बसलाय की नाही हे बघायला अण्णा अधूनमधून त्याच्या बांधावर जाऊन येतात. टाकीची गळती थांबवायला ठेवलेली साबणाची वडी तर पाहुण्यांनी अंघोळीला वापरली. वैशाखात अण्णा वही काढून यादी तपासायला बसतात आणि निम्म्या वस्तूंपुढे माणसांची नावं लिहितात. मागायला जात नाहीत. कुणाचा अडलेला संसार थांबवून आपण लेहला जायचं, हे त्यांच्या रक्तात नाही. शिवाय परत मागितलं, मिळालं, तर यादी पुरी होईल.

कॅन-दोरांचं जाऊ द्या, एक वर्ष जीपच गेली. भोरचा राजवाडा शूटिंगवाल्यांच्या आवडीचा; पंतसचिवांच्या चौकात वर्षातून कोणी ना कोणी नथ-पगडी घालून उभं असतंच. अशाच एका मंडळींना जुन्या काळची पोलीस जीप हवी होती. अण्णांनी कॅरियर काढायला साफ नकार दिला, रंग मात्र बदलू दिला. चार दिवसांचं काम झालं, शूटिंगवाले गेले, रंग राहिला. पुढचा महिनाभर अण्णा निळ्या जीपमधून, अंगात खाकी शर्ट, कारण मिस्त्रीकडे जाताना ते तोच घालतात, अशा थाटात फिरत होते. कापूरहोळच्या अलीकडे वडापवाले त्यांना लांबून बघूनच थांबत, टपावरची माणसं उतरवत, आणि अण्णा गेले की पुन्हा चढवत. एका म्हातारीनं वळणावर तीनदा उतरून चौथ्यांदा अण्णांना हात केला आणि त्यांच्याच जीपमधून घरी गेली.

दरवर्षी एक ट्रायल मात्र होते, न चुकता. भोर-निगुडघर-हिर्डोशी करत वरंधा घाटानं महाडला उतरायचं, तिथं वडे खायचे आणि परत. पहिल्या वर्षी ऐन पावसात गेले, तर दरड म्हणून घाट बंद. दुसऱ्या वर्षी पावसाच्या शक्यतेनं बंद. मग पावसाआधीच जायचं ठरवलं, तर रस्त्याच्या कामासाठी बंद. नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं जाणारा तो रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. पण त्यातले खड्डे बघून अण्णांना भरलेले कॅन बांधलेल्या दोऱ्या पुन्हा आवळायला लागतात. तिथंच एका वळणावर समोरून दुधाची पिकअप आली. टायर गुळगुळीत, मागचा एक दिवा दोरीनं बांधलेला, पोरगा एका हातानं चालवतोय आणि दुसऱ्यानं तंबाखू मळतोय.

"अण्णा, कुठं?"

"ट्रायल. लेहची."

"तिकडचा रस्ता याच्यापरीस बेकार हाय का?"

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. तिकडचे रस्ते सीमा सडक संघटना बघते, वर्षभर माणसं लावून. "नाही," ते म्हणाले, "याच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे."

"मग येवढं सामान कशाला?" असं विचारून पोरगा निघूनही गेला. तो रोज दोन खेपा करतो. पहाटे आणि दुपारी, जुलैतसुद्धा.

तालुक्यातून लेहला कोणीच गेलं नाही असं मात्र नाही. मिस्त्रीकडे पाने द्यायला एक पोरगा आहे. मागच्या भाद्रपदात तो आणि त्याचा मामेभाऊ शंभर सीसीच्या, सेकंडहँड स्प्लेंडरवर गेले. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही ठरलंच नव्हतं. नाशिकपर्यंत जायचं होतं, हवा चांगली होती, पुढं गेले. तीन आठवड्यांनी परत आले ते नाक सोललेलं, बोलताना मध्येच "जुले" म्हणायचं. अण्णांना कळलं तेव्हा ते थेट शेडमध्ये आले. मिस्त्रीला वाटलं, आता पोराचं काही खरं नाही. अण्णांनी वही काढली, चष्मा लावला आणि त्याला समोरच्या टायरवर बसवलं.

"तांडीची पाटी बघितलीस?"

"कुठली पाटी?"

"३६५ किलोमीटरची. पंपावरची."

"त्या पंपावर आम्ही थांबलोच न्हाई. पुढं ढाब्यावर बाटलीत मिळतंय की पेट्रोल. महाग देत्यात."

अण्णांनी वहीत काहीतरी खोडलं, मग पुन्हा लिहिलं. "कार्ब्युरेटर? वरती हवा कमी, मिक्श्चर रिच होतं. काय केलंत?"

"एअर फिल्टर काढून खिशात ठिवला."

"आणि चढ?"

"मामेभाऊ उतरून चालायचा. त्याला आवडायचं चालायला."

मिस्त्री पाना पुसत हसू दाबत होता. अण्णा जराही हलले नाहीत. पोराच्या मोबाईलमधले फोटो त्यांनी एकेक करून मोठे केले. पँगाँगचं निळं पाणी, मागं उघडेबोडके डोंगर, पुढं दोन पोरं आणि मध्ये भोरची स्प्लेंडर. अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चेन ढिली आहे. इथून दिसतेय."

पण एका फोटोवर ते थांबले. रस्त्यावरून पाणी धोधो वाहतंय, आणि गाडी त्यात निम्मी बुडलेली. पोरानं सांगितलं, सकाळी तिथून मुंगीसुद्धा जाईल. दुपारी ऊन तापलं, वरचा बर्फ वितळला की नाल्याला गुडघाभर, मांडीभर पाणी. ट्रकवाले संध्याकाळी अडकून रात्रभर तिथंच झोपतात.

अण्णांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मिस्त्रीनं फार दिवसांनी पाहिला. हे कुठल्याच यादीत नव्हतं. डिझेल इंजिननं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे हवा टपाच्या उंचीवरून घ्यायला हवी, म्हणजे बॉनेटच्या कडेनं उभा पाइप वर न्यायला हवा, कंपन्यांच्या नव्या गाड्यांना असतो तसा. तयार मिळतो, पण पुण्यात, आणि किंमत ऐकून अण्णा रिकाम्या हातानं परत आले. रात्री जेवताना त्यांनी घरात विषय काढला. वहिनींनी ताटात भात वाढता वाढता विचारलं, "किती इंची पाहिजे?"

"तीन तरी हवा."

"मोरीच्या कामातला चार इंची उरलाय माडीवर. दोन एल्बोपण आहेत. बघा चालतोय का."

चालला. सकाळी तो पुसून, हिरवा रंग देऊन, अंगणात जीपला टेकवून वाळत ठेवला होता. मिस्त्री क्लॅम्प घेऊन दुपारी येणार होता. दुपारी परतीचा पाऊस आला, असा की समोरचं घर दिसेना, आणि शेजारच्या दारातून हाक आली, "अण्णा, आमची पन्हळ फुटलीय हो, सगळं पाणी ओटीवर येतंय. तुमच्याकडं एखादा पाइप असंल का?"